फिलिप्पो इन्झागी: चेंडू पायात नसतानाचा खेळ

बॅकपोस्ट

इटालियन स्ट्रायकरांचा विषय निघाला की बाज्जो, देल पिएरो, तोत्ती, व्हिएरी ही नावं ओळीने येतात. इन्झागीचं नाव घेतलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "तो काय, गोलसमोर उभा राहायचा, चेंडू आपसूक यायचा." कित्येक वर्षं हे ऐकतोय आणि मला ते साफ नामंजूर आहे. म्हणून हा धागा.

आधी आकडे. सेरी आ म्हणजे इटलीची सर्वोच्च लीग, तिच्यात १५६ गोल. युव्हेंटससाठी १६५ सामन्यांत ८९, मिलानसाठी ३०० सामन्यांत १२६, इटलीसाठी ५७ सामन्यांत २५. युरोपातल्या क्लब स्पर्धांमध्ये ७०. यातला बराचसा काळ असा, की इटलीत दर रविवारी समोर माल्दिनी, नेस्ता, थुराम, कान्नावारो यांच्यापैकी कुणीतरी उभा असायचा.

जन्म ९ ऑगस्ट १९७३, पिआचेन्झा. घरच्याच क्लबात सुरुवात झाली, पण तिथे लगेच जागा मिळाली नाही. १९९२-९३ मध्ये बेर्गामो जिल्ह्यातल्या लेफ्फे नावाच्या लहानशा क्लबाकडे तिसऱ्या श्रेणीत लोनवर गेला आणि १३ गोल करून आला. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत वेरोनाकडून १३. मग पिआचेन्झाला परत येऊन १५, आणि क्लब सेरी आमध्ये. पार्माने उचलला, पण तिथे झोला, स्टॉइचकोव्ह, आस्प्रिया असताना या पोराला कोण विचारतो! लीगमध्ये जेमतेम २ गोल. पार्माने वर्षभरात सोडलं, अतालान्ताने घेतलं. मोन्दोनिको प्रशिक्षक होते, मागून पास द्यायला मोर्फेओ होता. १९९६-९७ च्या त्या मोसमात याने २४ गोल केले आणि सेरी आचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. अतालान्ताकडून! विजेतेपदाच्या शर्यतीतही नसलेल्या संघाकडून.

आता मुख्य मुद्दा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे इन्झागीचं बहुतेक काम पडद्याबाहेरच राहतं. आपल्याला दिसतो तो शेवटचा एक स्पर्श. त्याआधी तो काय करत असायचा, ते पाहायचं असेल तर चेंडू सोडून फक्त त्याच्यावर नजर ठेवावी लागते. खेळ चालू असताना तो मुद्दाम ऑफसाइडमध्ये जाऊन थांबायचा. शेवटच्या बचावपटूच्या पाठीमागे, अशा जागी की त्या बचावपटूला चेंडू आणि इन्झागी एकाच नजरेत दिसू नयेत. चेंडू लांब आहे तोवर तिथे थांबायला नियमाची आडकाठी नाही. मग पास देणाऱ्या पिर्लो किंवा रुई कोस्टाने मान वर केली रे केली की हा दोन पावलं मागे, बचावपटूंच्या रेषेत. रेषेला धरून थोडा आडवा धावायचा आणि पास सुटायच्या क्षणी वळून आत. बचावपटू पाठ फिरवेपर्यंत हा तीन-चार हात पुढे गेलेला असायचा.

दहातल्या सात-आठ वेळा पास यायचाच नाही, किंवा ऑफसाइडचा झेंडा वर जायचा. तरी पुढच्या वेळी तीच धाव, त्याच जोराने. पासची खात्री नसताना नव्वद मिनिटं अशा धावा काढणं हे कष्टाचं काम आहे.

कट्टेकरी

धागा आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार.

गोल करायला तो पटाईत होता, वाद नाही. पण त्याच्यामागे कोण होतं ते बघा. युव्हेंटसमध्ये झिदान आणि देल पिएरो, मिलानमध्ये पिर्लो, रुई कोस्टा, सेडॉर्फ, काका. असे पास देणारे दुसऱ्या कुणाला मिळाले? त्याला मैदानाच्या मध्यभागी चेंडू द्या आणि सांगा, आता काहीतरी कर. तोत्तीसारखा पास नव्हता, व्हिएरीसारखी ताकद नव्हती, देल पिएरोसारखा पाय नव्हता. क्रायफसारखा जाणकारच म्हणायचा ना, की याला फुटबॉल येतच नाही, फक्त हा नेहमी योग्य जागी असतो?

आणि राष्ट्रीय संघ? २००२ च्या विश्वचषकात त्रापात्तोनींची पहिली पसंती व्हिएरी. २००६ मध्ये लिप्पींनी त्याला अख्ख्या स्पर्धेत एका सामन्यात उतरवलं. दोघेही मोठे प्रशिक्षक. त्यांना काहीतरी दिसलंच असेल.

मडगावचा_स्टॉपर

नमस्कार. मी बरीच वर्षं गावच्या संघात स्टॉपर खेळलो, आता पोरांना शिकवतो. त्यामुळे मागून बोलतो, म्हणजे बचावाच्या बाजूने.

ताकदवान सेंटर फॉरवर्ड असला की स्टॉपरला एक सुख असतं: तो अंगाला लागून असतो. कुठे आहे ते पाठीला कळतं. ड्रिब्लिंग करणारा असला तर तो समोरून येतो, दिसतो. सगळ्यात वैताग देणारा कोण, तर जो अंगाला लागतही नाही आणि दिसतही नाही. दर काही सेकंदांनी मान वळवून तो कुठे आहे ते बघावं लागतं, आणि मान वळवली त्याच क्षणी चेंडू येतो. पाय थकतात ते चालतं, पण असल्या माणसासमोर तासाभरात डोकं थकतं. एकदा लक्ष चुकलं की खेळ खलास.

कट्टेकरीबाब, तुम्ही पास देणाऱ्यांचं म्हणता ते बरोबर. पण पिर्लोचा पास कितीही सुंदर असो, समोर धावणारा नसेल तर तो पास नव्हे, गोलकीपरला दिलेला चेंडू. पास देणाऱ्याला कुठे द्यायचा ते धावणाराच दाखवतो. मी पोरांना इन्झागीचे गोल दाखवतो तेव्हा गोलाआधीची दहा सेकंदं दाखवतो आणि विचारतो, आत्ता तो कुठे बघतोय? बहुतेक वेळा उत्तर असतं, स्टॉपरच्या पायांकडे. स्टॉपरचा भार कोणत्या पायावर आहे ते बघून तो दुसऱ्या बाजूने निघतो.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या कुणी शॉट मारला की आमचे फॉरवर्ड थांबून बघतात. इन्झागी त्याच क्षणी गोलकीपरकडे धावत सुटायचा, चेंडू हातातून निसटेल या हिशोबाने. निसटला की लोक म्हणणार, नशीब!

नवी_प्रेक्षक

मी फुटबॉल गेल्या दोन-तीन वर्षांत बघायला लागले, म्हणून विचारते. तो मुद्दाम ऑफसाइडमध्ये उभा राहायचा म्हणता, मग ऑफसाइड द्यायचे नाहीत का? आणि आताच्या व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याच्या काळात तो टिकला असता का?

बॅकपोस्ट

@नवी_प्रेक्षक, चांगला प्रश्न. ऑफसाइड ठरतो तो सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणाच्या जागेवरून. त्याआधी तुम्ही कुठे होता याला महत्त्व नाही. १९९० मध्ये नियम बदलला आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर रेषेत असलेला खेळाडू ऑनसाइड धरला जाऊ लागला. इन्झागीची कारकीर्द त्याच सुमारास सुरू झाली. रेषेवरच्या त्या वीतभर जागेत त्याने आयुष्य काढलं. पुढे २००५ मध्ये खेळात नेमका सहभागी कोण याचा अर्थ आणखी स्पष्ट केला गेला. नुसतं ऑफसाइड जागी उभं राहणं हा गुन्हा नव्हताच, पण आता चेंडूला स्पर्श न करणाऱ्या खेळाडूला उगाच झेंडा दाखवणं कमी झालं.

अर्थात त्याला झेंडे भरपूर मिळाले. हा पोरगा जन्मलाच ऑफसाइडमध्ये, हे मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांच्या नावावरचं वाक्य जगभर फिरतं.

व्हीएआरचं उत्तर दोन्ही बाजूंनी आहे. ३ नोव्हेंबर २०१० ला रिआल माद्रिदविरुद्ध त्याने ३७ व्या वर्षी बदली म्हणून येऊन दोन गोल केले. त्यातला दुसरा आजच्या काळात नक्की रद्द झाला असता. एप्रिल २००७ मध्ये म्युनिकला बायर्नविरुद्धचा गोलही रिप्लेत संशयास्पद दिसतो. पण लाइन्समनने घाईत झेंडा वर केल्यामुळे गेलेले गोलही आहेतच, ते परत मिळाले असते. आज झेंडा उशिरा वर जातो, हल्ला पूर्ण होऊ देतात. इन्झागीसारख्याला याचा फायदाच झाला असता असं माझं मत आहे.

तुरीनप्रेमी

मी युव्हेंटसवाला, त्यामुळे माझ्या वाटणीची चार वर्षं सांगतो, १९९७ ते २००१. मिलानवाले त्याला आपला म्हणतात, पण मोठा तो आमच्याकडे झाला.

पहिल्याच मोसमात १८ लीग गोल आणि विजेतेपद. मार्च १९९८ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, समोर दिनामो कीव. तुरीनमध्ये, म्हणजे आमच्या घरी, १-१ झालं होतं आणि कीवमध्ये शेवचेंको-रेब्रोव्ह जोडी भल्याभल्यांना फोडत होती. इन्झागीने तिथे हॅटट्रिक केली, ४-१. अंतिम सामना मात्र रिआल माद्रिदच्या मियातोविचच्या एका गोलावर हरलो. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तुरीनमध्ये अकराव्या मिनिटापर्यंत त्याचे दोन गोल झाले होते. त्यानंतर युनायटेडकडून कीन, यॉर्क, कोल यांचे गोल. २-३. त्या रात्रीचं दुःख अजून आहे.

आणि १४ मे २०००, पेरुजा. शेवटचा दिवस, जिंकलो तर विजेतेपद आमचं. हाफटाइमला असा पाऊस कोसळला की मैदानावर पाणी साचलं. पंच कोल्लिना यांनी तासाहून जास्त वेळ खेळ थांबवला, मग पुन्हा सुरू केला. पेरुजाच्या कालोरीने गोल केला, आम्ही ०-१ हरलो आणि एका गुणाने विजेतेपद लात्सिओकडे गेलं. त्याच दिवशी रोममध्ये लात्सिओसाठी पेनल्टीवर गोल केला तो सिमोने इन्झागीने, याच्या सख्ख्या धाकट्या भावाने. एका घरातला एक मुलगा पेरुजाच्या चिखलात हरलेला, दुसरा रोममध्ये विजेता. त्यांच्या आईवडिलांनी ती संध्याकाळ कशी काढली असेल याचा मी नेहमी विचार करतो.

शेवटी शेवटी देल पिएरोशी त्याचं मैदानावर जुळत नव्हतं. दोघांनाही शेवटचा स्पर्श आपला हवा असायचा. त्रेझेगे आला आणि २००१ मध्ये हा मिलानला गेला. तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

कट्टेकरी

@तुरीनप्रेमी, माझाच मुद्दा तुम्ही मांडलात. तो स्वार्थी होता. २००६ च्या विश्वचषकातला चेक प्रजासत्ताकाविरुद्धचा गोल आठवा. सत्त्याऐंशीवं मिनिट, अर्ध्या मैदानातून हा एकटा चेंडू घेऊन पळतोय, बाजूला बारोने पूर्ण मोकळा धावतोय. पास देणं सोपं होतं. यानं बघितलंसुद्धा नाही.

बॅकपोस्ट

बघितलं की नाही ते त्यालाच ठाऊक. पण पुढे काय झालं? समोर त्यांचा गोलकीपर पेत्र चेक. त्याला बाजूने वळसा घातला आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू. २-०, इटली बाद फेरीत. त्या स्पर्धेत त्याला मिळालेला तेवढाच सामना, तेवढाच अर्धा तास, आणि त्यात गोल. बत्तिसाव्या वर्षी, दोन मोसम घोटा आणि गुडघ्याच्या दुखापतींनी खाल्ल्यावर. इस्तंबूलच्या २००५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तर तो बेंचवरही नव्हता. अशा माणसाने समोर गोल दिसत असताना चेंडू दुसऱ्याला द्यावा ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. स्ट्रायकरला तेवढी हाव असावीच लागते.

आणि स्वार्थाचं म्हणाल तर उलटही घडलंय. २३ एप्रिल २००३, सान सिरो, आयाक्सविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना. आम्सटरडॅमला गोलशून्य बरोबरी होती, इथे २-२, म्हणजे बाहेरच्या मैदानावरच्या गोलांवर मिलान बाहेर. इंज्युरी टाइममध्ये लांब चेंडू आला, इन्झागीने पुढे आलेल्या गोलकीपरवरून तो अलगद उचलला. चेंडू जाळ्यातच चालला होता. तेवढ्यात टोमासनने धावत येऊन रेषेवर पाय लावला. नोंदीत गोल टोमासनचा. मिलान पुढे गेलं आणि महिन्याभराने मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डला अंतिम सामन्यात युव्हेंटसलाच हरवून विजेतं झालं. तो गोल माझ्या लेखी इन्झागीचाच आहे.

अर्धवेळ

अथेन्सबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

२३ मे २००७, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मिलानसमोर लिव्हरपूल. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा रात्रीचे सव्वाबारा, म्हणजे तारीख २४. संघ जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांना जिलार्दिनो हवा होता, कारण उपांत्य फेरीत युनायटेडविरुद्ध तिसरा गोल त्याचा होता. इन्झागीचे त्या अख्ख्या मोसमात लीगमध्ये फक्त २ गोल. वय ३३. तरी प्रशिक्षक आन्चेलोत्तींनी त्यालाच उतरवलं.

पंचेचाळिसावं मिनिट. आलोन्सोने काकाला पाडलं, पिर्लोची फ्री किक, चेंडू इन्झागीच्या दंडा-खांद्यापाशी लागून दिशा बदलून आत. गोलकीपर रेइना दुसऱ्या बाजूला गेलेला. हाताला लागला का यावर आजही वाद आहे. पण ब्याऐंशीव्या मिनिटाच्या गोलाबद्दल वाद घालायला जागाच नाही. काकाने पास सोडला त्या क्षणी चित्र थांबवून बघा, इन्झागी ऑनसाइड आहे. मग रेइनाला चुकवून उजवीकडे गेला. कोन इतका अरुंद झाला होता की वाटलं, गेली संधी. त्याने जमिनीलगत मारला, आत! लिव्हरपूलच्या कुइटने एक परत केला, पण २-१ ने चषक मिलानचा.

याच मोसमाची सुरुवात कशी झाली होती तेही सांगतो. काल्चोपोली या पंचांवर दबाव आणल्याच्या इटालियन घोटाळ्यातल्या शिक्षेनंतर मिलानला पात्रता फेरी खेळावी लागली, रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध. पहिल्या सामन्यातला एकमेव गोल इन्झागीचा. ऑगस्टमध्ये दार उघडणारा तोच आणि मेमध्ये चषक आणणाराही तोच. मग युरोपियन सुपर कपमध्ये सेव्हियाविरुद्ध गोल, डिसेंबरमध्ये योकोहामाला क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बोका ज्युनियर्सविरुद्ध दोन. मोठा सामना असला की हा माणूस हजर.

मडगावचा_स्टॉपर

+१. तो दुसरा गोल मी पोरांना दाखवतो. रेइनाला पार केल्यावर बहुतेक फॉरवर्ड घाईने मारतात. त्याने आणखी एक पाऊल टाकलं.

बालेवाडी_ब्लॉक

थोडं विषयांतर, पण आपल्या जवळचं आहे. इन्झागी भारतात खेळला नाही, पण २०१४ ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आठवा. त्याचे युव्हेंटसमधले दोन्ही जोडीदार आले होते. देल पिएरो दिल्ली डायनामोजकडे, त्रेझेगे आपल्या एफसी पुणे सिटीकडे. दोघांच्या संघांचा पहिलाच सामना दिल्लीत एकमेकांशी, ०-० सुटला. चेन्नईकडे मातेराझ्झी आणि नेस्ता. यातला मातेराझ्झी म्हणजे २००२ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध ज्याचा लांबून मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला आणि इन्झागीने शर्ट ओढला म्हणून गोल रद्द झाला, तोच.

बालेवाडीच्या मैदानावर मी त्रेझेगेला पाहिलं. धाव कमी झाली होती, पण बॉक्समध्ये कुठे उभं राहायचं ते पाहण्यासारखं होतं. या धाग्यावर जे लिहिलंय ते स्टेडियममधून नीट कळतं, कारण तिथे कॅमेऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागत नाही. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झालं याचं वाईट वाटतं. आपल्या पोरांना असे खेळाडू डोळ्यांसमोर बघायला मिळायला हवेत.

नवी_प्रेक्षक

खूप माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. तो इतकी वर्षं खेळला कसा? दुखापती एवढ्या, आणि ३७ व्या वर्षी माद्रिदविरुद्ध गोल?

अर्धवेळ

शिस्त. खाण्यापिण्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. साधा पास्ता, ब्रेझाओला म्हणजे वाळवलेलं गोमांस, आणि लहान मुलांची बिस्किटं, वर्षानुवर्षं हेच. माद्रिदविरुद्धच्या त्या सामन्यानंतर आठवड्याभरातच पालेर्मोविरुद्ध गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्या वयात दुसरा कुणी थांबला असता. हा परत आला. १३ मे २०१२ ला नोवाराविरुद्ध मिलानसाठी शेवटचा सामना, बदली म्हणून आला, सेडॉर्फचा पास छातीवर घेऊन थेट मारला आणि तोच विजयी गोल. त्याच दिवशी तुरीनमध्ये देल पिएरोही घरच्या प्रेक्षकांचा निरोप घेत होता, आणि त्यानेही गोल केला. ज्या दोघांचं जुळत नव्हतं, त्यांनी एकाच दुपारी गोल करून निरोप घेतला.

कट्टेकरी

सगळं वाचलं. पासबद्दलचं माझं मत कायम आहे, तोत्ती माझ्या लेखी वरच. पण मडगावकरांचं मान वळवण्याचं निरीक्षण पटलं. एक प्रश्न: प्रशिक्षक म्हणून त्याचं काय? भाऊ तर फार पुढे गेला.

तुरीनप्रेमी

सिमोने लात्सिओनंतर इंटरला गेला, २०२३-२४ चं विजेतेपद, २०२३ आणि २०२५ अशा दोन चॅम्पियन्स लीग अंतिम फेऱ्या. फिलिप्पोला थेट मिलान मिळालं २०१४ मध्ये, संघ दहावा आला आणि वर्षभरात त्याचं पद गेलं. माझ्या मते तिथे घाई झाली. त्यानंतर तो खाली उतरला आणि खरं काम तिथे केलं. व्हेनेझियाला तिसऱ्या श्रेणीतून वर काढलं, बेनेव्हेन्तोला २०२० मध्ये सेरी बी जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये पिसाला ३४ वर्षांनी सेरी आमध्ये नेलं. लेफ्फेमध्ये खेळलेल्या माणसाला खालच्या श्रेणीचं वावडं नसावं.

नवी_प्रेक्षक

शेवटचा प्रश्न. एकच पूर्ण सामना बघायचा असेल तर कोणता?

मडगावचा_स्टॉपर

गोल बघायचे तर अथेन्स. पण मी सांगेन, २००३ चा आयाक्सविरुद्धचा परतीचा सामना पूर्ण बघा, आणि पहिली वीस मिनिटं चेंडूकडे पाहूच नका. मिलानच्या लाल-काळ्या शर्टातला ९ नंबर, म्हणजे इन्झागी, बघा. तो कितीदा रेषेच्या पलीकडे जातो, कितीदा परत येतो, आणि आयाक्सचे स्टॉपर कितीदा हात वर करून लाइन्समनकडे बघतात ते मोजा. मग तिसाव्या मिनिटाला त्याचा पहिला गोल येईल.